आईनं म्हटलं आळशी, कोचनं मान डोलावली

आपल्या पोराचं कौतुक आपण करायचं नसतं, हा आमच्या घरातला पहिला नियम. आणि दुसऱ्यानं केलं तर ते तिथल्या तिथे खोडून काढायचं, हा दुसरा. मी चौथीत वर्गात पहिली आले तेव्हा आईनं शेजारच्या काकूंना सांगितलं, "कसली पहिली हो, बाकीच्या मुली आजारी पडल्या असतील." मी तिथंच उभी, हातात प्रगतिपुस्तक! मग काकूंनी ठरलेलं उत्तर दिलं, "असं काय बोलता वहिनी, गुणाची पोर आहे तुमची." आणि आई "तुमचं आपलं काहीतरीच" म्हणत चहा टाकायला आत गेली. ती खुशीत आत गेली हे मला आता कळतं. तेव्हा नुसता संताप यायचा.

हे शारजातलं. खालिद लगूनच्या काठाला, अल मजाजच्या एका बिल्डिंगमध्ये आम्ही तिघं राहायचो, नव्वदचं दशक संपत आलं होतं. बाबा दुबईतल्या एका बांधकाम कंपनीत नकाशे काढायचे. त्यांचे साहेब ऑस्ट्रेलियन होते. उंच माणूस, ऊन लागून लागून टोमॅटोसारखा लाल झालेला, आणि बोलणं इतकं थोडं की बाबा म्हणायचे, साहेबांचा फोन आला की हॅलो म्हणेपर्यंत संपलेला असतो. हे साहेब दर शुक्रवारी सकाळी दुबईत एका हिरवळीच्या मैदानावर मुलांना त्यांच्या देशाचा फुटबॉल शिकवायचे.

एका शुक्रवारी बाबांना एका नकाशावर त्यांची तातडीनं सही हवी होती. "हिलाही घेऊन जा," आई म्हणाली, "घरात नुसती पाय आपटत फिरतेय." म्हणून मी गेले. दुसरं काही कारण नाही. सही झाली आणि साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी त्यांना एक खेळाडू कमी पडत होता. "ही पळते का?" त्यांनी बाबांना विचारलं. बाबाही शेवटी आमच्याच घरातले. ते म्हणाले, "लिटल बिट." मी इतकी पळाले की परत येताना गाडीत माझ्या पायांत गोळे आले, आणि पुढच्या शुक्रवारी मी सगळ्यांच्या आधी उठून दारात चपला घालून उभी होते.

हा खेळ तुम्ही पाहिला नसेल तर थोडक्यात सांगते. बॉल अंड्यासारखा लांबट. मैदान क्रिकेटच्या मैदानाएवढं. बॉल लाथेनं मारायचा किंवा एका तळव्यावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनं ठोकायचा, फेकायचा मात्र नाही. घेऊन पळत सुटलात तर मध्येमध्ये तो जमिनीवर आपटून परत हातात घ्यायचा, आणि लांबट बॉल आपटला की कुठं उडेल हे त्याचं त्यालाच ठाऊक. कुणीही लांबून मारलेला बॉल हवेत स्वच्छ झेललात तर तिथं थांबून शांतपणे किक मारायला मिळते, मध्ये कुणी येत नाही. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोघांतून मारला तर सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला तर एक.

त्या एका गुणावरून आईनं पहिल्याच दिवशी तोफ डागली. "म्हणजे नेम चुकला तरी एक गुण? चुकल्याबद्दल? अरे वा! गणितात असं चालेल का?"

ती मैदानावर यायला लागली ती बाबांवर भरवसा नव्हता म्हणून. बाबा पाण्याची बाटली गाडीत विसरायचे. बाकीच्या आया कडेला उभ्या राहून ओरडायच्या, टाळ्या वाजवायच्या, आपापल्या पोरांना नावानं हाका मारायच्या. "गुड ऑन यू!" "ब्यूटी!" आमच्या मातोश्री घडीच्या खुर्चीत बसून मेथी निवडायच्या. खरंच! शारजाच्या भाजी मार्केटमधून गुरुवारी आणलेल्या मेथीच्या जुड्या, मांडीवर वर्तमानपत्र, मान खाली. मी गोल मारला की धावत जाताना हळूच तिकडं बघायचे. ती देठं खुडत असायची. एकदा एका ऑस्ट्रेलियन बाईंनी तिला उत्साहानं म्हटलं, "तुमची मुलगी कमाल आहे हो!" आई म्हणाली, "नो नो, सो-सो ओन्ली." त्या बाई परत मॅचकडे वळल्या. मी दात-ओठ खाल्ले.

आणि मी खरोखर बरी खेळत होते. हे मी स्वतः सांगतेय, कारण दुसरं कुणी सांगणार नव्हतं. आमच्या बिल्डिंगच्या मागच्या पार्किंगमध्ये रोज शाळेतून आले की भिंतीवर बॉल मारत बसायचे, डावा पाय, उजवा पाय, डावा पाय, उजवा पाय. वॉचमन पठाण होता. पहिले काही दिवस गाड्यांच्या काचांसाठी ओरडला, मग त्याला सवय झाली. अंधार पडला की बाजेवरून हाक द्यायचा, "खलास बेटा, यल्ला, घर जाओ!"

तर आता कपाचं सांगते.

सीझन संपला की त्या क्लबमध्ये बक्षिसं द्यायचे. एक मोठ्ठं, सगळ्यात चांगल्या खेळाडूचं. त्याचा हिशेब सरळ होता. प्रत्येक मॅचनंतर अंपायर तीन जणांना गुण देणार, शेवटी बेरीज. ते मोठ्या मुलांचं काम, माझा त्यात काही संबंध नव्हता. दुसरं बक्षीस लहान मुलांतल्या एकाला. चांगला खेळतो म्हणून नव्हे, तर पुढे याच्यातून काहीतरी होईल असं वाटतं म्हणून. एक चिमुकला कप, लाकडी बैठकीवर. ते कुणाला द्यायचं हे एकट्या कोचनं, म्हणजे साहेबांनी, ठरवायचं. बाबांनी त्याला नाव ठेवलं 'उमेदीचा कप'. आई म्हणाली, "बालवाडीतलं बक्षीस."

मला तो कप हवा होता. इतका हवा होता की जेवताना समोरच्या शोकेसमध्ये, बाहुली आणि बाबांचं घड्याळ यांच्या मधली जागा मी मनातल्या मनात रिकामी करून ठेवली होती. कारण पुढचा सीझन मला नव्हताच. पुढच्या वर्षी मला चौदा पूर्ण होणार, आणि चौदापासून मुलींनी मुलांबरोबर खेळायचं नाही असा त्यांचा नियम होता. मुलींची वेगळी टीम नव्हती. दोन-तीन मुली होत्या त्याही एकेक करून नेटबॉलकडे गेल्या होत्या. म्हणजे 'पुढे काहीतरी होईल' असं माझ्याबद्दल कुणी म्हणायचं असेल तर ते आत्ताच म्हणायला हवं होतं. नंतर कोण म्हणणार!

शेवटी कोचनं दोन मुलं निवडली. मी आणि एक लाल केसांचा मुलगा. तो मुलगा मला आवडायचा नाही, कारण त्याच्यात न आवडण्यासारखं काही नव्हतं. उंच उडायचा, बॉल झेलायचा, मॅच संपली की बॉलची जाळी स्वतः उचलून गाडीत ठेवायचा, आणि येता-जाता माझ्या आईला "गुड मॉर्निंग, आंटी" म्हणायचा. आंटी कुणी शिकवलं त्याला कोण जाणे. आई विरघळायची. घरी येऊन मला ऐकवायची, "बघ, शिक जरा. कसा अदबीनं बोलतो."

आणि कोचची एक रीत होती. निवडलेल्या मुलांच्या घरी ते जायचे, आई-बापांशी बोलायचे. त्यांचं म्हणणं, खेळ मैदानावर दिसतो, पण पोराला त्याची खरी ओढ किती आहे हे घरच्यांनाच माहीत असतं.

झालं. बाबांनी हे जेवताना सांगितलं आणि आईनं पडदे धुवायला काढले.

गुरुवारी संध्याकाळी साहेब येणार होते. सकाळपासून घरात लग्नघर. शिरा झाला, बटाटेवडे झाले, गोऱ्या माणसाला तिखट सोसायचं नाही म्हणून बिनमिरचीचे वेगळे वडे झाले. मला नवा पंजाबी ड्रेस घालायला लावला. "मी शॉर्ट्समध्ये खेळते, ही नोज दॅट," मी म्हटलं. "मैदानावर शॉर्ट्स, घरात माणसासारखं," आई म्हणाली. साहेब आले, आमच्या सोफ्यावर गुडघे छातीशी घेऊन बसले, आणि बिनमिरचीच्या वड्यांना हात न लावता तिखटाचे चार हाणले. आई मनातून खूश. मी पाण्याचा ट्रे घेऊन उभी.

"मग," ते म्हणाले, "घरी कशी आहे ही?"

आई पदर सावरून बसली. "व्हेरी लेझी," ती म्हणाली.

मी ट्रे धप्पकन टीपॉयवर ठेवला.

"लेझी?"

"टू मच. फुल डे टीव्ही. घर में एक गिलास नहीं उठाती." इंग्रजी संपलं की आई हिंदीवर यायची, आणि दुर्दैव असं की साहेबांना हिंदी चांगलं समजायचं. दहा-बारा वर्षं साइटवर आपल्याच माणसांबरोबर काढलेली.

"खेळाचा सराव करते का?"

"सराव! पढाई करत नाही, सराव कुठला करणार सर?"

आणि आई थांबली. त्या थांबण्याची मला ओळख होती. ओठांवर थोडं हसू, मान किंचित तिरकी. आता पाहुण्यानं म्हणायचं असतं, छे हो वहिनी, काहीतरीच, गुणाची पोर आहे. मग आईनं म्हणायचं, तुमचं आपलं काहीतरीच. मग चहा. आमच्या चुलत्या-मावश्यांपासून खालच्या मजल्यावरच्या मल्याळी आंटीपर्यंत सगळ्यांना हे ठाऊक होतं.

साहेबांनी गंभीरपणे मान डोलावली. आणि पाचवा वडा घेतला.

आईला वाटलं, ऐकू गेलं नसेल. तिनं भाव वाढवला. "चार दिन का फॅड है सर. आज फुटबॉल, पुढच्या महिन्यात दुसरं काहीतरी. हिचं असंच आहे."

परत ते थांबणं. परत ती तिरकी मान. साहेबांनी परत मान डोलावली, आता तर जरा खिन्नपणे.

"आणि तुमचा तो लाल बालवाला बच्चा!" आईनं शेवटचं हत्यार काढलं. "क्या बच्चा है! हिला मी रोज सांगते, उससे सीखो."

साहेबांचा चेहरा उजळला. "येस," ते म्हणाले, "ही इज अ गुड किड."

आईचा चेहरा पाहण्यासारखा झाला. बाबा खाकरले. "सर, ॲक्चुअली..." आईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते "शी इज ओके" एवढं म्हणून वड्याकडे वळले. साहेब उठले, खाणं फार छान होतं म्हणाले, माझ्या डोक्यावर टप्पल मारली आणि लिफ्टनं खाली गेले.

दार लागलं आणि मी फुटले. "व्हाय वुड यू डू दॅट? व्हाय? ही विल नेव्हर गिव्ह इट टू मी नाऊ!"

"काय केलं मी?"

"यू सेड आय ॲम लेझी!"

"अगं, मग काय म्हणायचं असतं? आमची मुलगी फार ग्रेट, फार शहाणी, असं आपल्याच तोंडानं? लाज आहे की नाही?" पण तिचाही आवाज चढला होता, आणि तो माझ्यावर नव्हता. ती बाबांकडे वळली. "आणि तो माणूस नाही कसा म्हणाला नाही हो? मी म्हटलं आळशी आहे, तर हा मान डोलवतो! माझ्या घरात बसून, माझे वडे खाऊन, माझ्या पोरीला आळशी म्हणतो!"

"त्यानं नाही म्हटलं, तू म्हटलंस," बाबा म्हणाले.

"मी आई आहे! मी म्हणणारच!"

"अगं, त्याला वाटलं तू खरं बोलतेयस. त्यांच्याकडे विचारलं की लोक खरं सांगतात."

आई सोफ्यावर बसली. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. "म्हणजे?" ती म्हणाली. "सगळंच?"

मी माझ्या खोलीचं दार आपटलं. बराच वेळ बाहेर दोघांचं हळू आवाजात चाललेलं ऐकू येत होतं. बाबा म्हणत होते, मी ऑफिसात सांगतो साहेबांना. आई म्हणत होती, "काही नको. बक्षिसासाठी तोंड वेंगाडायचं? मग ते बक्षीस कसलं?" हेही एक होतंच तिचं. हात पसरायचे नाहीत.

बाबांनी तरीही शनिवारी सांगितलं. संध्याकाळी आम्ही दोघी दारातच त्यांची वाट बघत होतो, एकमेकींशी न बोलता.

"सांगितलं. म्हटलं, मिसेस जरा विनयानं बोलली. ते म्हणाले, नो वरीज."

"म्हणजे काय?" आईनं विचारलं.

"म्हणजे काळजी करू नका."

"कप देणार म्हणून काळजी नको, की देणार नाही म्हणून?"

ते बाबांनाही सांगता येईना. जेवताना त्या दोन शब्दांचा कीस पाडला आम्ही. मला मात्र कळून चुकलं होतं. आईनं सांगितलेलं खरं की बाबांनी सांगितलेलं, असा प्रश्न आला तर कुणीही आईचंच धरणार.

शेवटची मॅच पुढच्या शुक्रवारी होती आणि तिथंच नंतर बक्षिसं. त्या दिवशी मी जी खेळले तशी आधी कधी खेळले नव्हते. राग फार कामाला येतो. लाल केसांचा आणि मी एकाच टीममध्ये, तो मला बॉल देतोय, मी त्याला देतेय, आणि शेवटाला मी गर्दीतून उडी मारून एक बॉल झेलला तो अजून हातांना आठवतो. किकसाठी मागं सरकले. खांब, वाळूच्या रंगाचं आकाश, पलीकडे शेख झायेद रोडवरच्या अर्धवट इमारती. उजव्या बाजूला कोन अवघड होता म्हणून डाव्या पायानं मारला. मधून गेला. सहा.

मी आईकडे पाहिलं नाही. म्हटलं, आता काय बघायचं.

मग तंबूखाली सगळे जमले. बार्बेक्यूवर सॉसेज, बर्फाच्या पेटीत ज्यूसचे डबे, एका टेबलावर आईचे वडे. रुसवा असो की भांडण, डबा भरून नेणारच ती. मोठ्या मुलांची बक्षिसं झाली. मग साहेबांनी तो चिमुकला कप हातात घेतला.

साहेब म्हणाले, दोघांतून निवडणं अवघड होतं. खेळ दोघांचाही सारखाच. पण हा कप पुढच्या वाटचालीचा आहे, म्हणून ज्याला हा खेळ सोडवणार नाही त्याला तो देतोय. आणि लाल केसांच्या मुलाचं नाव घेतलं. टाळ्या झाल्या. मग माझ्याकडे बघून, अगदी प्रेमानं, ते म्हणाले की माझ्यातही खूप काही आहे, पण माझ्या आईचं म्हणणं हे चार दिवसांचं वेड आहे, आणि आईपेक्षा जास्त कुणाला कळणार? सगळे हसले. वाईट नव्हते हसले, लाडानं हसले. मी पण हसले. टाळ्याही वाजवल्या. माझं संपलं होतं. कप गेला, खेळही गेला.

"वन मिनिट, सर."

आई उभी राहिली होती. एका हातात कागदी प्लेट, प्लेटमध्ये अर्धा वडा.

"अगं..." बाबा म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. सर! मी लेझी बोलले, तर तुम्ही नो बोलायचं होतं! यू से नो! दॅट इज द सिस्टिम!"

साहेब कप हातात घेऊन तसेच.

"माझं काम आहे बोलायचं, तुमचं काम आहे नो बोलायचं! मी थांबले पण होते तुमच्यासाठी, दोन वेळा! लेझी? ये लडकी लेझी? रोज स्कूल से आती है, बॅग फेकती है, नीचे! वॉचमनला विचारा आमच्या! डावा पाय वीक होता हिचा, ऑक्टोबरमध्ये. सगळे बॉल उजवीकडून. तिकडून तीन पोरं येऊन अडवायची, काय करणार? संक्रांतीपर्यंत डावा पाय तयार केला पोरीनं. आज कुठून मारला शेवटचा? डाव्या पायानं! त्या कोनातून बॉल आत वळवायचा तर डाव्याच पायानं मारावा लागतो, मला कळतं, तुम्हाला नाही कळलं?"

साहेबांचं तोंड उघडं राहिलं होतं. माझंही.

"अबू धाबीच्या टीमबरोबर मॅच होती, वाळू उडत होती, सगळी पोरं डोळे मिटून उभी. ही एकटी बॉलच्या मागं! करंगळी सुजली तर ग्लोव्हज घालून शाळेत गेली, मला दाखवली नाही, खेळायला सोडणार नाही म्हणून. गरमी में ग्लोव्हज! मला काय दिसत नाही? आणि फॅड म्हणे! मी म्हणाले असेन फॅड! आठ दिवस जेवत नाहीये ही, पुढच्या वर्षी खेळायला मिळणार नाही म्हणून. न्हाणीघरात नळ सोडून रडते. तिला वाटतं नळाचा आवाज येतो. अहो, मी आई आहे, मला नळातलं पाणी आणि पोरीचं रडणं वेगळं कळत नाही होय?"

शेवटची वाक्यं पूर्ण मराठीत होती. बाबा आणि मी सोडून कुणाला त्यातला एक शब्द समजला नसेल, पण कुणी हललं नाही. सॉसेज करपल्याचा वास यायला लागला, तरी कुणी ते उलटवायला गेलं नाही. लाल केसांच्या मुलाच्या आईनं तोंडावर हात धरला होता, आणि तिचे डोळे भरून आले होते.

म्हणजे आई मान खाली घालून नुसती मेथी निवडत नव्हती. ती बघत होती. सगळं बघत होती, पहिल्या मॅचपासून, करंगळीसकट. तेरा वर्षं ज्याच्यासाठी मी जीव टाकला होता ते सगळं ती एका दमात बोलत होती, तेही परक्या माणसावर ओरडून, अख्ख्या क्लबच्या समोर. मला काय वाटलं ते सांगायला शब्द शोधायची गरज नाही. मला आनंद झाला. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता.

आई दम घ्यायला थांबली. साहेबांनी कप टेबलावर ठेवला, डोक्यावरची टोपी काढली, दोन पावलं पुढे आले.

"शी इज अ व्हेरी गुड प्लेअर," ते म्हणाले. सावकाश, एकेक शब्द. मग हिंदीत म्हणाले, "बहुत अच्छी है. मुझे उसी दिन बोलना चाहिए था, आपके घर में."

"छे छे, कसली हो..." आईच्या तोंडून निघालंच. सवयच ती. हातही तसाच उडाला, वडा प्लेटमधून खाली पडला. आणि मग ती मध्येच थांबली. माझ्याकडे बघितलं तिनं. बाबांकडे बघितलं. ते वाक्य आता पुढे कसं न्यायचं हेच तिला सुचेना.

"येस," ती म्हणाली. आणि मग मराठीत, माझ्याकडे बघत, "आहेच मुळी."

मी रडायला लागले. नळबिळ काही नाही, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. बाबा हसत होते आणि चष्मा पुसत होते. साहेब परत टेबलाकडे गेले, आणि त्यांनी तो कप त्या मुलालाच दिला. तेच बरोबर होतं. दिलेलं बक्षीस कुणी ओरडलं म्हणून फिरवत नाहीत.

तो मुलगा कप घेऊन तडक माझ्याकडे आला. मी कपासाठीच रडतेय असं वाटलं असणार त्याला. त्यानं तो दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला. "यू टेक इट," तो म्हणाला, "सिरियसली."

"नको," मी म्हटलं. मराठीतच म्हटलं, तेव्हा दुसरं काही आठवेचना. "तुझाच आहे तो. मला नको."

आणि देवाशपथ, तेव्हा मला तो नकोच होता.